वीस मिनिटांनी गुदमरणारा लॅपटॉप

प्रश्न : २०२० साली टाळेबंदीत लेकीच्या ऑनलाइन शाळेसाठी लॅपटॉप घेतला. ती तेव्हा नववीत होती. दुकानदार म्हणाला, गेमिंगचाच घ्या, पुढे इंजिनिअरिंगला कामी येईल. इंटेल कोअर आय५-९३००एच, एनव्हिडिया जीटीएक्स १६५०, ८ जीबी रॅमची एक पट्टी, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. आता ती मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडलं किंवा व्हॅलोरंट, जीटीए ५ खेळायला बसली की वीस मिनिटं बरी जातात. मग चित्र अडखळायला लागतं, पंखा मिक्सरसारखा ओरडतो, कीबोर्डवर हात ठेववत नाही. दुकानात नेला तर तिथे काहीच झालं नाही. ते म्हणाले, मदरबोर्ड कमजोर झालाय, एक्सचेंजमध्ये सहा हजार देतो, नवा घ्या. घरच्यांचं म्हणणं, गेम खेळूनच त्याची वाट लागली. नवा घ्यावा का? की कूलिंग पॅड आणून बघू? आणि जीटीए ६ येतोय, त्यासाठी नवा लागेलच, असं लेक म्हणते.
— एक वडील, भुसावळ

उत्तर :

नमस्कार. नवा घेऊ नका, निदान हे पत्र वाचून पुढची कामं होईपर्यंत तरी नाही. रोग ओळखायला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी तुमच्या पत्रातच आहेत. बिघाड वीस मिनिटांनी येतो, आणि दुकानात तो आला नाही. मदरबोर्ड बिघडला असता तर लॅपटॉप कधीही बंद पडला असता, चालूच झाला नसता, किंवा स्क्रीनवर रेघा आल्या असत्या. ठरावीक वेळ नीट चालून मग मंदावतो, तेव्हा बहुतेक वेळा कारण उष्णता असते.

आत काय होतं ते आधी बघू. तुमचा प्रोसेसर ४५ वॉटचा आणि ग्राफिक्स चिप साधारण ५० वॉटची. गेम चालू असताना दोन्ही मिळून ९० वॉटच्या आसपास उष्णता तयार होते, आणि ती दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या डब्यातून बाहेर काढायची असते. चिपवर पेस्टचा पातळ थर, त्यावर तांब्याच्या नळ्या, नळ्यांच्या टोकाला पातळ पत्र्यांची जाळी आणि जाळीवर वारा मारणारा पंखा अशी ही साखळी आहे. तिचा एक दुवा ढिला पडला की तांबं हळूहळू तापत जातं आणि प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसला पोचतो. जळू नये म्हणून तो तिथे स्वतःच वेग कमी करतो. ४.१ गिगाहर्ट्‌झपर्यंत धावू शकणारा प्रोसेसर २.४ वर येतो, कधी त्याच्याही खाली. लेकीला चित्र अडखळताना दिसतं ते याच वेळी.

दुकानात एसी असतो. तिथली हवा २५ अंशांची आणि मे महिन्यात तुमच्या घरातली ४२-४४ ची. लॅपटॉप आत ओढतो ती हवा जितकी गरम, जवळपास तितकेच अंश चिपही जास्त तापते. म्हणजे एसीत ८२ वर थांबलेला प्रोसेसर भुसावळच्या दुपारी शंभरी गाठणारच. त्यात दुकानदाराने तो पाचच मिनिटं चालवून पाहिला असेल, तर त्याला काही दिसण्याचं कारणच नाही.

पण माझं अनुमान म्हणजे मोजमाप नव्हे, म्हणून आधी मोजा. एचडब्ल्यूइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्या. सुरू करताना 'सेन्सर्स ओन्ली' वर खूण करा. आकड्यांचं मोठं पान उघडेल, त्याला घाबरायचं कारण नाही. खालच्या पट्टीतलं घड्याळाचं बटण दाबलं की जुन्या नोंदी पुसल्या जातात. मग लेकीला अर्धा तास नेहमीसारखं खेळू द्या आणि खेळ चालू ठेवूनच हे आकडे कागदावर उतरवा : प्रोसेसरचं कमाल तापमान, 'थर्मल थ्रॉटलिंग' (म्हणजे तापल्यामुळे वेग कमी करणं) समोर येस आहे की नो, कोअरचा सध्याचा वेग, ग्राफिक्स चिपचं तापमान आणि तिची किती मेमरी वापरात आहे. सोबत टास्क मॅनेजर उघडून डिस्क आणि मेमरीची टक्केवारी लिहा. खोलीचं तापमानही लिहा. ते लिहिलं नाही, तर साफसफाईच्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून काहीच कळणार नाही.

तापमान ९५ ते १००, थ्रॉटलिंगसमोर येस आणि वेग २.४ च्या आसपास किंवा खाली असेल, तर रोग उष्णतेचाच. तापमान ७० च्या घरात आणि वेग मात्र ०.८ गिगाहर्ट्‌झवर अडकलेला असेल, तर चार्जर किंवा बॅटरीकडे बघा. या वर्गातल्या लॅपटॉपला १३५ किंवा १५० वॉटचा चार्जर लागतो. मूळ चार्जर बिघडल्यावर बाजारातून ९० वॉटचा 'कॉम्पॅटिबल' आणला असेल, किंवा लॅपटॉपला तो चार्जर ओळखता येत नसेल, तर मशीन जाणूनबुजून हळू चालतं. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालवल्यावरही अनेक लॅपटॉप असंच वागतात, कारण क्षणभर जास्त वीज लागली तर द्यायला बॅटरी नसते. तापमान आणि वेग दोन्ही ठीक, पण डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली असेल, तर दोष हार्ड डिस्कचा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅमचा. ग्राफिक्सची ४ जीबी मेमरी काठोकाठ भरली असेल, तर गेममधलं 'टेक्स्चर' एक पायरी खाली आणा. तेवढ्यानेच अडखळणं थांबतं आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

माझा अंदाज असा की तुमच्याकडे उष्णता, हार्ड डिस्क आणि रॅम हे तिन्ही दोष आहेत. सुरुवात उष्णतेपासून करू.

लॅपटॉप उघडण्याआधी सगळ्या बाजूंनी बघा. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतो का, किंवा टेबलावर ठेवल्यावर तळ डुगडुगतो का? तसं असेल तर बॅटरी फुगली आहे. मग बाकी सगळं थांबवा, चार्जिंग बंद करा आणि बॅटरी जाणत्या माणसाकडून काढून घ्या. फुगलेली लिथियम बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही आणि कचऱ्याच्या गाडीत टाकायची नाही. ती ई-कचरा संकलनाकडेच गेली पाहिजे.

बॅटरी ठीक असेल तर साहित्य जमवा. ०० आणि ० नंबरचा चौफुली स्क्रूड्रायव्हर, रंगकामाचा मऊ ब्रश, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारा कपडा, एखादं जुनं प्लास्टिकचं एटीएम कार्ड आणि थर्मल पेस्टची एक ट्यूब. अल्कोहोल आणि पेस्ट मिळून साधारण हजार रुपयांच्या आत येतं. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, ते प्लास्टिक खातं.

लॅपटॉप शटडाउन करताना शिफ्ट दाबून धरा, म्हणजे तो खरोखर पूर्ण बंद होतो. चार्जर काढा. उलटा ठेवून तळाचे स्क्रू काढा. ते दहा-बारा असतात आणि सगळे सारख्या लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी घट्ट बसवला तर तो वरच्या कीबोर्डच्या बाजूला घुसतो. म्हणून एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपची आकृती काढा आणि प्रत्येक स्क्रू काढला की पुठ्ठ्यावर त्याच्या जागी टोचून ठेवा. त्या पिढीच्या काही मॉडेलांत एखादा स्क्रू रबरी पायाखाली लपवलेला असतो. झाकण अडलं तर जोर न लावता तो शोधा. कार्ड फटीत घालून कडेने क्लिपा एकेक करून सोडवा. स्क्रूड्रायव्हरचं टोक घालू नका, कड फाटते.

झाकण निघालं की सर्वांत आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवा. नखाने किंवा प्लास्टिकने सोडवा, वायर धरून ओढू नका. मग पॉवर बटण १५ सेकंद दाबून ठेवा म्हणजे आत राहिलेला विद्युतभार निघून जातो. ही पायरी गाळून पुढे गेलेल्या माणसाच्या हातून स्क्रू निसटतो, मदरबोर्डवर पडतो आणि तेव्हा मात्र मदरबोर्ड खरंच जातो.

आता पंखा. पंख्याच्या पात्यांवर धूळ दिसेल, पण खरी गोम पंखा आणि पत्र्यांची जाळी यांच्या मधल्या फटीत आहे. तिथे धुळीची नमद्यासारखी गादी तयार होते. बाहेरून ती दिसत नाही, आणि बाहेरून ब्लोअर मारला तर ती निघत नाही, नुसती आत सरकते. म्हणूनच 'दुकानात हवा मारून आणली, दोन दिवस बरं होतं' अशा तक्रारी येतात. पंख्याचे स्क्रू काढून तो बाजूला घ्या आणि ती गादी चिमट्याने उचला. पाच-सहा वर्षांची असेल तर एका तुकड्यात निघते. हवा मारायचीच असेल तर पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा पंखा हवेने प्रमाणाबाहेर गरगरला की त्याचं बेअरिंग खराब होतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

पंखा बोटाने फिरवून बघा. खरखर लागली किंवा पाती डुगडुगली, तर पंखाच बदला. त्यावर छापलेला पार्ट नंबर देऊनच नवा मागवा, कारण दोन पंखे असतील तर डावा आणि उजवा वेगळे असतात. बेअरिंगमध्ये शिवणयंत्राचं तेल सोडायचा सल्ला तुम्हाला नक्की कुणीतरी देईल. त्याने चार दिवस आवाज कमी होतो, मग त्याच तेलाला धूळ चिकटून पंखा अडकतो.

नुसती ही सफाई झाल्यावर झाकण लावून मोजमाप पुन्हा करा, असं मी मुद्दाम सांगतो. कित्येकदा एवढ्यावरच काम भागतं आणि पेस्टपर्यंत जावं लागत नाही. पेस्ट बदलणं थोडं नाजूक काम आहे, पण सहा वर्षांच्या मशीनला बहुधा ते करावं लागेल.

पेस्ट का संपते? लॅपटॉपच्या चिपवर डेस्कटॉपसारखी धातूची टोपी नसते, सिलिकॉनचा उघडा तुकडा असतो. तो तापतो, निवतो, पुन्हा तापतो. त्या आकुंचन-प्रसरणात पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते आणि मधला भाग कोरडा पडतो. त्यामुळे पेस्ट निवडताना डेस्कटॉपच्या परीक्षणांतली सर्वांत 'थंड' पेस्ट घेऊ नका, घट्ट पेस्ट घ्या. मिळत असेल तर हनीवेलची पीटीएम७९५० नावाची पट्टी माझ्या मते सगळ्यांत चांगली. ती ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन चिपवर नीट बसते आणि वर्षानुवर्षं सरकत नाही. मात्र तिच्या नकला खूप आहेत, तेव्हा खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्या. लिक्विड मेटलच्या वाटेला जाऊ नका. ती वीजवाहक असते, एक थेंब बाजूला गेला की बोर्ड शॉर्ट होतो.

हीटसिंकच्या, म्हणजे तांब्याच्या नळ्या आणि जाळीच्या त्या जोडणीच्या, स्क्रूंपाशी १, २, ३ असे आकडे छापलेले असतात. काढताना मोठ्या आकड्यापासून उलटे या आणि प्रत्येक स्क्रू एकदम पूर्ण न काढता अर्धा-अर्धा फेरा सैल करत जा. बसवताना १ पासून सुरू करा. एकाच बाजूने घट्ट आवळलं तर उघड्या चिपचा कोपरा टवका उडून तुटू शकतो. मशीन उघडण्याआधी पाच मिनिटं चालवून कोमट करून घेतलं असेल तर जुनी पेस्ट सहज सुटते. तरी हीटसिंक सरळ वर ओढू नका, किंचित डावी-उजवी हलवून सोडवा.

जुनी पेस्ट कपडा आणि अल्कोहोलने पुसा, तांबं आणि चिप दोन्ही आरशासारखे होईपर्यंत. मग प्रत्येक चिपवर तांदळाच्या एक-दोन दाण्यांएवढी पेस्ट घेऊन प्लास्टिकच्या पट्टीने पूर्ण चिपवर पातळ पसरवा. 'मध्ये ठिपका ठेवा, दाबाने पसरेल' हा नियम टोपीवाल्या डेस्कटॉप चिपचा आहे. इथे एक कोपरा जरी कोरडा राहिला तरी तो भाजतो.

आजूबाजूच्या मेमरीच्या चिपांवर आणि वीजपुरवठ्याच्या भागांवर राखाडी किंवा निळसर मऊ पॅड दिसतील. ते फाटले नसतील तर जसेच्या तसे राहू द्या. इथेच हौशी लोक सर्वांत जास्त चुकतात. पॅड जुने दिसले म्हणून नवे लावतात आणि ०.५ मिलिमीटरच्या जागी १ मिलिमीटरचे लावतात. मग हीटसिंक त्या जाड पॅडवर टेकते, मुख्य चिपला नीट लागतच नाही, आणि सफाईनंतर तापमान आधीपेक्षा वाढतं. बदलायचेच असतील तर तुमच्या मॉडेलची नेमकी जाडी शोधूनच बदला. पॅडच्या जागी पेस्ट भरू नका, ती फट पेस्टने भरून निघण्याइतकी लहान नसते.

हे घरी करायची हिंमत होत नसेल तर चांगल्या दुरुस्तीवाल्याकडे द्या, पण 'सर्व्हिसिंग करून द्या' असं मोघम सांगू नका. 'हीटसिंक काढून जाळी साफ करा, घट्ट पेस्ट लावा, पॅडला हात लावू नका' असं स्पष्ट सांगा आणि शक्य असेल तर समोर बसून करून घ्या. आणि लेक मेकॅनिकलला आहे ना? तिच्याच हातून होऊ द्या, तुम्ही टॉर्च धरा. उष्णतेचं वहन तिला पुस्तकात आहेच, इथे ते बोटाला लागेल.

आता कूलिंग पॅड. जाळी तुंबलेली असताना पॅड आणणं म्हणजे नाक चोंदलेल्या माणसासमोर टेबलफॅन लावणं. सफाईनंतरही त्याने फार तर थोडे अंश कमी होतात. जवळपास तेवढाच फायदा मागची कड दोन सेंटिमीटर उचलून मिळतो. मागच्या दोन पायांखाली कॅरमच्या दोन-दोन सोंगट्या ठेवा, काम झालं. गादीवर, उशीवर ठेवून खेळणं मात्र पूर्ण बंद, कारण हवा तळातून आत जाते. उन्हाळ्यात तुमच्याकडे कूलर असणारच. त्याच्या झोताच्या थेट समोर लॅपटॉप ठेवू नका. भिजलेल्या जाळीतून कधीकधी बारीक तुषार उडतात, आणि दमट हवेत धूळ पत्र्यांना जास्त घट्ट चिकटते. छताचा पंखा पुरे.

सेटिंगमध्ये दोन बदल करा, दोन्ही फुकट आहेत. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज' खाली 'मॅक्स फ्रेम रेट' ६० करा. मर्यादा नसली तर व्हॅलोरंटसारखा हलका गेम शंभराच्या वर फ्रेम काढत बसतो आणि चिप विनाकारण तापते. दुसरा बदल उन्हाळ्यापुरता. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट आणि तिथे 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ टक्के. हा एक टक्का दिसायला क्षुल्लक आहे, पण त्याने प्रोसेसरचा टर्बो पूर्ण बंद होतो आणि तो २.४ गिगाहर्ट्‌झच्या वर जात नाही. तापमान दहा-पंधरा अंशांनी सहज उतरतं. व्हॅलोरंटला एवढा वेग पुरतो, जीटीएमध्ये गर्दीच्या चौकात थोडं जाणवेल. पाऊस पडला की पुन्हा १०० करा. 'अंडरव्होल्ट करा', म्हणजे प्रोसेसरला थोडं कमी व्होल्टेज द्या, असाही सल्ला वाचनात येईल. सल्ला चांगला आहे, पण डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली त्रुटी उघड झाल्यावर बऱ्याच कंपन्यांनी बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) अपडेटमधून ती सोय बंद केली. तुमच्याकडे ती उघडी नसेल तर तिच्या मागे लागू नका.

हार्ड डिस्कविषयी माझं मत ठाम आहे. २०२० च्या लॅपटॉपमध्ये विंडोज अजून फिरत्या डिस्कवर असेल, तर दुसरं काही घेण्याआधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपांची डिस्क, घ्या. फिरती डिस्क सलग वाचताना सेकंदाला शंभरेक एमबी देते, पण विंडोज आणि गेम ठिकठिकाणचे छोटे तुकडे मागतात आणि तिथे तिचा वेग एक-दोन एमबीवर येतो. एनव्हीएमई या वेगवान प्रकारची एसएसडी सलग वाचताना तीन हजार एमबीच्या पुढे जाते आणि छोट्या तुकड्यांनाही दमत नाही. तुमच्या पिढीच्या बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कशिवाय एम.२ ची, म्हणजे एसएसडीची पट्टी बसवायची, रिकामी जागा असते. सफाईसाठी उघडाल तेव्हाच बघून घ्या. २२८० मापाची, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, ५०० जीबी किंवा १ टीबीची पट्टी घ्या. तो स्लॉट एनव्हीएमईचा आहे की फक्त साटा या जुन्या, हळू प्रकाराचा, हे मॉडेल नंबरवरून खात्री करून मगच पैसे द्या, दोन्ही दिसायला जवळपास सारखे. आणि पट्टी धरून ठेवणारा तो इवलासा स्क्रू आत आहे का ते बघा. नसेल तर वेगळा घ्यावा लागतो, आणि ऐन वेळी तो गावात मिळत नाही.

रॅमची दुसरी ८ जीबीची पट्टी घाला : डीडीआर४, २६६६, लॅपटॉपची म्हणजे सोडिम. ३२०० ची मिळाली तरी चालते, ती २६६६ वर धावेल. फायदा नुसत्या १६ जीबीचा नाही. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन वाटांनी एकदम वाचतो, आणि गेममधले अचानक येणारे झटके कमी होतात. तिच्या ड्रॉइंगच्या मोठ्या असेंब्लीलाही ही जागा लागणार आहे. पट्टी तिरकी घालून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् आवाज करून बसतात. २०२५ च्या अखेरीपासून डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅम आणि एसएसडी दोन्हींचे भाव चढले आहेत. त्यामुळे वापरलेली पट्टी चाचणी करून घेणं वाईट नाही, मेमटेस्ट८६ चा एक पूर्ण फेरा चुकांशिवाय गेला तर ती निर्धास्त घ्या. त्याच भाववाढीमुळे नवा लॅपटॉपही महाग झालाय, हे दुकानदाराने सांगितलं नसेल.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा प्रोसेसर नवव्या पिढीचा असल्याने विंडोज ११ साठी पात्र आहे, नवं मशीन घ्यायची गरज नाही. नव्या एसएसडीवर कोरं विंडोज टाका. ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल एवढंच लागतं. परवाना मदरबोर्डला जोडलेला असतो, आपोआप सक्रिय होतो. टाकताना जुन्या हार्ड डिस्कचं कनेक्टर काढून ठेवा. नाहीतर सुरू होण्याच्या फाइली कधीकधी जुन्या डिस्कवर जाऊन बसतात आणि पुढे ती काढली की लॅपटॉप चालूच होत नाही. त्याआधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची, किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का ते बघून लिहून ठेवा. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी चालू लागतात. बायोसमध्ये इंटेलचं टीपीएम 'पीटीटी' या नावाने असतं.

गेम खेळून लॅपटॉप बिघडला का, या घरातल्या वादाबद्दल : नाही. चिप ८५ अंशांवर तासन्‌तास चालावी अशीच बनवलेली असते. झिजतात ते पंखा, पेस्ट आणि बॅटरी, आणि ड्रॉइंगचं सॉफ्टवेअरही त्यांना तितकंच झिजवतं. बॅटरीला मात्र गरम राहून १०० टक्क्यांवर टांगलेलं असणं सोसत नाही. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा बायोसमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा असेल तर लावा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. चार्जर लावून लॅपटॉपच्या धातूच्या भागावर हात ठेवला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर त्या बोर्डाला अर्थिंग नाही. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कनव्हर्टरवर लावला असेल तर तो आजच काढा. व्होल्टेज कमी-जास्त होतं म्हणून स्टॅबिलायझर घ्यायची गरज नाही, चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं आणि तो तेवढं सांभाळतो. वळिवाच्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर घ्या. पण अर्थिंग नसलेल्या बोर्डावर त्याचाही अर्धाच उपयोग.

लेकीला जीटीए ६ बद्दल खरं सांगायला हवं. हा गेम आत्तापर्यंत जाहीर झालाय तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स, एस साठी, पीसीसाठी नाही. जीटीए ५ सुद्धा २०१३ मध्ये आधी कन्सोलवर आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. म्हणजे आज त्या नावावर घेतलेला लॅपटॉप तो गेम पीसीवर येईल तेव्हा जुना झालेला असेल. जीटीएक्स १६५० ची मर्यादाही तिला कळू द्या. ती चिप बदलता येत नाही, ४ जीबी मेमरी वाढत नाही, आणि रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढण्याचं, हार्डवेअर तिच्यात नाही. २०२५ मधला 'डूम : द डार्क एजेस' असं हार्डवेअर सक्तीने मागतो, तो तिच्यावर चालणार नाही. बाकी जिथे गेममध्ये एफएसआर (कमी बारकाव्याचं चित्र काढून ते मोठं करणं) हा पर्याय असेल, तिथे तो 'क्वालिटी'वर ठेवून खेळावं. एनव्हिडियाचे नवे ड्रायव्हर या चिपला अजून मिळतात. पुढे कधी नवा घ्याल, तेव्हा नुसतं ग्राफिक्स कार्डाचं नाव बघू नका, ते त्या मॉडेलमध्ये किती वॉटवर चालतं ते विचारा. एकाच नावाची चिप पातळ लॅपटॉपमध्ये निम्म्या वॉटवर बसवलेली असते. ग्राफिक्स मेमरी ८ जीबी आणि रॅमचे दोन स्लॉट, याच्या खाली उतरू नका.

सफाई, पेस्ट, सगळं होऊनही तापमान उतरलं नाही, तर मागच्या जाळीतून येणाऱ्या हवेला हात लावून बघा. गेम सुरू करताच काही सेकंदांत १०० अंश आणि बाहेरची हवा मात्र गार, तर उष्णता चिपवरून तांब्याकडे जातच नाही. हीटसिंक तिरकी बसली आहे, स्क्रू सैल आहे किंवा पॅड जाड आहे. पुन्हा उघडा. हवा कढत आहे आणि तरीही १०० अंश, तर उष्णता जाळीपर्यंत पोचते आहे, पण वारा कमी पडतो. पंख्याचे फेरे तपासा. दोन नळ्यांपैकी एक टोकाशी कढत आणि दुसरी जवळजवळ गार लागली, तर गार नळी आतून निकामी झाली आहे आणि पूर्ण हीटसिंक बदलावी लागेल. ती मॉडेल नंबरवर मिळते आणि नव्या लॅपटॉपच्या मानाने किरकोळ पैशांत येते. पहिल्या दिवशी कागदावर उतरवलेले आकडे, सफाईनंतरचे आकडे आणि दोन्ही वेळचं खोलीचं तापमान मला पाठवा. त्यानंतरच सहा हजारांच्या त्या एक्सचेंजचा विचार करू.